मातेरातलं गुहा-हॉटेल: खोली झकास, ओल फुकट

दक्षिण इटलीतल्या मातेरा शहरात दरीच्या कडेला मऊ चुनखडीत कोरलेली घरं आहेत, त्या वस्तीला सास्सी म्हणतात. अश्मयुगापासून माणूस इथल्या गुहांच्या आसऱ्याला आहे. आता त्यातल्या बऱ्याच घरांची हॉटेलं झालीत. मे महिन्यात आम्ही दोघं अशाच एका हॉटेलात राहिलो. मी निवृत्त सिव्हिल इंजिनियर. निम्मी नोकरी लोकांच्या गळक्या स्लॅबखाली उभं राहण्यात गेली. त्यामुळे खोलीत शिरल्यावर बायकोने गादी दाबून पाहिली आणि मी भिंत. गार होती, आणि हाताला ओलसर लागली.

खोली मात्र मोठी देखणी. बाहेर ऊन तापलेलं असताना आत एसी लागत नाही. उशाजवळ दगडात शिंपल्यांचे तुकडे दिसतात, कारण हा खडक समुद्राच्या तळाशी तयार झालेला. दाराच्या आत, कमरेच्या उंचीवर, दगडातच भोक पाडून केलेली कडी आहे, दावं बांधायला. बायकोने तिला ओढणी अडकवली.

त्रास रात्रीचा. हवा यायला-जायला एकच तोंड, त्यामुळे ओल शोषणारं यंत्र सतत घरघरत असतं. झोप लागेना म्हणून ते बंद केलं, तर सकाळी चादरी दमट. मॅनेजरसाहेब म्हणाले, गुहा आहे, चालायचंच. कबूल, असा सच्छिद्र दगड पाणी धरणारच. पण एवढं भाडं घेता तर आवाज न करणारं यंत्र बसवा की! पाण्याची अक्कल या गावाला कमी नव्हती. छतांवरचं, गल्ल्यांतलं पावसाचं पाणी उतार देऊन जमिनीखालच्या टाक्यांत नेलेलं आहे. मुख्य चौकाखालची पालोम्बारो लुंगो ही टाकी सुमारे 50 लाख लिटरची. ती चुकवू नका. मला तर खोलीपेक्षा तीच जास्त आवडली.

एक गोष्ट मात्र खटकली. हॉटेलच्या माहितीपत्रकात मेणबत्त्या आहेत, शांतता आहे, जुने साधू आहेत; 1952 साल नाही. त्या वर्षी सरकारने कायदा करून सास्सी रिकामी करायला घेतली. सुमारे 15 हजार माणसं हळूहळू नव्या वसाहतींत हलवली. तोवर एकाच गुहेत आईबाप, पोरंबाळं, कोंबड्या आणि खेचर. मलेरिया होता, तान्ही मुलं दगावत. मग वस्ती ओस पडली. 1986 च्या कायद्याने दुरुस्तीला पैसा आला आणि 1993 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. वीको सोलितारियोतलं जुनं गुहाघर तिकीट काढून बघता येतं. पलंग उंच, खाली कोंबड्यांना जागा, आत खेचराचा गोठा. हिवाळ्यात ऊब जनावरांच्या अंगाची. ते बघून आल्यावर बायकोने ओढणी खुर्चीवर टाकली.

बुकिंग करताना खोली पुढच्या बाजूची आणि खिडकीची मागा. आतल्या खोल्या फोटोतच छान. दम्याच्या माणसाने या फंदात पडू नये. गाडी दारापर्यंत जात नाही, पायऱ्या उतरत्या आणि गुळगुळीत, तेव्हा चाकांची बॅग नको, पाठीवरची घ्या. नाश्ता ठीक. माझ्याकडून 5 पैकी 3 तारे.