बडोद्यात बसून मराठी न्यूज पॅक: महाराष्ट्र कमी, हिंदमाता जास्त

केबलवाल्याकडून मराठी पॅक घेऊन बराच काळ झाला, आता एकदा लिहूनच टाकते, कारण इथल्या आपल्या लोकांमध्ये कुठेही हळदीकुंकू असो की मंडळाची मीटिंग, कोणीतरी विचारतंच की मराठी न्यूज चॅनल्स ठेवायची का काढून टाकायची. सिरियल आणि सिनेमाच्या चॅनल्सबद्दल मी बोलत नाहीये, ते ज्याचं त्याने बघावं. फक्त बातम्या.

माझं माहेर नंदुरबार, सासर इथलं, बडोद्याचा दांडिया बाजार. घरात टीव्ही एकच. अण्णांना म्हणजे सासऱ्यांना संध्याकाळची डिबेट लागते, चौघं एकदम ओरडत असतात आणि अण्णा पाचवे, आणि मला हव्या असतात खानदेशच्या बातम्या. मग पॅक आमच्यासारख्यांसाठीच आहे ना, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला महाराष्ट्रात काय चाललंय ते कळावं म्हणून? मला तरी तसंच वाटतं.

पैशाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 2019 मध्ये केबलचे नियम ठरवणाऱ्या ट्रायचा नवीन नियम आला तेव्हा पहिल्या शंभर चॅनल्सना 130 रुपये अधिक जीएसटी असं ठरलं होतं, तेव्हापासून जो तो आपापली चॅनल्स निवडतो, आणि न्यूज चॅनल्स त्यातल्या त्यात स्वस्तच असतात, मनोरंजनवाल्यांसारखी खिशाला लागत नाहीत. पिक्चर क्वालिटी चांगली, पावसात सुद्धा अडकत नाही. तिथे पूर्ण मार्क.

आता आत काय मिळतं ते बघा. सकाळी नऊ-साडेनऊला टीव्ही लावा, मुंबईत कुठल्यातरी नेत्याची पत्रकार परिषद लाइव्ह, मग तिच्यावर दुसऱ्या पक्षाची प्रतिक्रिया, मग त्या प्रतिक्रियेवर पहिल्याची, दुपारपर्यंत हेच दळण. पावसाळ्यात तर विचारूच नका. मुंबईतल्या त्या पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला एक रिपोर्टर पँट दुमडून उभा, अंधेरी सबवेला दुसरा, सायनला तिसरा, अँकर स्टुडिओतून विचारते पाणी किती आहे, तो पायाकडे बघून सांगतो. ते संपलं की पुणं. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, भिडे पूल पाण्याखाली. अहो तो पूल इतका खाली बांधलाय की धरणातून पाणी सोडलं की जाणारच पाण्याखाली, दरवर्षी जातो, आणि दरवर्षी ब्रेकिंग! नंदुरबारची शाळेतली पोरंसुद्धा आता भिडे पूल ओळखतात. तापीवरच्या सारंगखेड्याच्या पुलावर शहाद्याची आणि दोंडाईचाची किती माणसं अवलंबून आहेत हे पुण्यात कोणाला माहीत असेल असं मला वाटत नाही, आणि त्यात पुणेकरांचा दोष नाही, त्यांना कोणी दाखवलंच नाही. नागपूर डिसेंबरात दिसतं, अधिवेशन असतं म्हणून, रिपोर्टर लोक तिथे जाऊन संत्री आणि थंडीवर पण एकेक स्टोरी करून टाकतात, अधिवेशन संपलं की विदर्भ पुन्हा पट्टीत.

पट्टीत म्हणजे खाली जी धावते ती. आणि दुसरी जागा म्हणजे ती सुपरफास्ट शंभर बातम्यांची भानगड, एका बातमीला आठ-दहा सेकंद, मागे ढँ ढँ म्युझिक. जिल्हे सगळे तिथे राहतात.

मिरचीचं सांगते म्हणजे कळेल. नंदुरबारला मिरचीचं मोठं मार्केट आहे, दिवाळीच्या आगेमागे ओली लाल मिरची यायला लागते आणि व्यापारी ती उघड्यावर पथाऱ्यांवर वाळत घालतात, शहराबाहेर निघालं की पसरलेली मिरचीच मिरची, गाडीची काच उघडली की ठसका. देठ खुडायला बायका दिवसभर तिथेच बसलेल्या असतात, तोंडाला फडकं बांधून, हाताची आग आग होते पण रोज मिळतो. अशात एका रात्री अवकाळी आला. ताडपत्र्या टाकेपर्यंत बरीच भिजली, आणि भिजलेली मिरची पांढरी पडते, मग ती फटकी म्हणजे खराब मालाच्या भावात जाते. सकाळी भावाचा फोन. "ताई, टीव्हीवर लागलं का काही आपल्याकडचं?" मी बसले लावून. एका चॅनलवर मुंबईत पारा घसरला, मुंबईकर गारठले, मरीन ड्राइव्हवर चालायला आलेल्या काकूंना विचारतायत कसं वाटतंय थंडीत, काकू म्हणाल्या मस्त वाटतंय. दुसऱ्यावर युतीत धुसफूस. तिसऱ्यावर शेवटी शंभर बातम्यांत आलं, नंदुरबार जिल्ह्यात अवकाळीचा फटका, मिरचीचं नुकसान, आणि व्हिज्युअल कुठलं? द्राक्षाच्या बागेचं! नंदुरबारच्या मिरचीवर नाशिककडची द्राक्षं. त्यांच्याकडे अवकाळी म्हटलं की तेवढीच क्लिप असावी. संध्याकाळी एका ठिकाणी खरंच पथारीवरचा एक म्हातारा शेतमजूर दिसला, अहिराणीत सांगत होता बिचारा, चार शब्द झाले की बाईट कापला आणि अँकरनेच पुढचं सांगून टाकलं. भावाला काय सांगणार, म्हटलं हो लागलं होतं.

यावर लोक म्हणतात एवढ्या लांब ओबी व्हॅन, म्हणजे ती लाइव्ह दाखवायची गाडी, कशी जाणार. हे कारण जुनं झालं हो. आता पाठीवर सॅक एवढं यंत्र असतं, त्यात चार-पाच सिमकार्डं घालतात आणि कुठूनही लाइव्ह करतात, नाहीतर साध्या मोबाइलवरून पण होतं. गोष्ट माणसाची आहे. मुंबई-पुण्यात पगारी रिपोर्टर ढीगभर, जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी एकच स्ट्रिंगर, त्याला स्टोरी लागली तर त्या स्टोरीचे पैसे, नाही लागली तर पेट्रोल पण स्वतःचं. तो अक्कलकुवा, धडगाव करत सातपुड्यात वर चढून कशाला जाईल, जर त्याला माहितीये की स्टोरी आठ सेकंदांची होणार? त्याच्या जागी मी असते तर मी पण एसटी स्टँडवरच बसले असते.

तरी कधीकधी जातात. मणिबेली म्हणून गाव आहे, अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठावर, सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं सगळ्यात आधी बुडालेलं. राज्यातलं मतदान केंद्र क्रमांक एक तिथे आहे, म्हणून निवडणूक आली की चॅनलवाले जातात, बोटीतून मतदान यंत्रं नेताना दाखवतात. एकदा एका रिपोर्टरने बोटीतून उतरल्यावर थांबून विचारलं की आजारी माणसाला दवाखान्यात कसं नेता, रेंज कुठे येते, रेशन कधी येतं, पंधरा-वीस मिनिटांचा रिपोर्ट होता आणि तो मी भाजी गॅसवर ठेवून उभ्याने बघितला, इतका चांगला. म्हणजे जमतं त्यांना! पण निकाल लागला की मणिबेली गायब. आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावाचं पण तेच, देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला टेंभलीत दिलं, पंतप्रधान स्वतः आले होते, तेव्हा सगळी चॅनल्स नंदुरबारात. नंतर वर्धापनदिनाला कोणाला आठवलं तर.

आणि गंमत म्हणजे अंतराचा इथे काही संबंध नाही. बडोद्याहून राजपिपळा, डेडियापाडा, सागबारा करत गेलं की थेट अक्कलकुवा, मुंबईपेक्षा आम्हीच जवळ. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये आहे, बाकडासुद्धा मध्ये वाटलेला. पण बातमीच्या नकाशात नवापूर ठाण्याच्या पलीकडे कुठेतरी धुक्यात.

आमची म्हणजे बाहेरच्या मराठी लोकांची किंमत तर त्याहून कमी, आणि त्याला एक सरळ कारण आहे. टीआरपी मोजणारी बार्क, तिच्याकडे मराठी न्यूजचे आकडे महाराष्ट्र-गोवा या मार्केटचे धरतात. म्हणजे अण्णा रोज तीन तास डिबेट बघून बीपी वाढवून घेतात ते कुठल्याच मराठी हिशोबात येत नाही, आम्ही गुजरातमध्ये मोजले जाणार. बार्कच्या आधी टॅम मोजायची, तिच्या काळात तर खेडी मोजतच नव्हते, 2015 पासून बार्कने ग्रामीण घरं धरायला घेतली. त्याने तरी फरक पडेल असं वाटलं होतं. पण जाहिरात देणाऱ्याला शहरातलाच गिऱ्हाईक हवा, फ्लॅटवाला, गाडीवाला, त्यामुळे टीआरपीचं मीटर कुठेही लावा, कॅमेरा तिथेच. बरं, ऑक्टोबर 2020 ते मार्च 2022 न्यूजची रेटिंगच बंद होती, म्हणजे दीड वर्षभर परीक्षा नाही, निकाल नाही, तेव्हा तरी मोकळेपणाने जिल्हे दाखवायचे होते की! काही बदललं नाही. म्हणून मला नाही वाटत सगळा दोष टीआरपीचा आहे. बातम्या ठरवणारी माणसं जिथून लोकल पकडतात तिथलं पाणी त्यांना दिसतं, एवढं साधं आहे ते.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून शहरात घुसली तेव्हा आमचं बडोदं काय झालं होतं ते इथल्यांना सांगायला नको. समा, फतेगंज, अकोटा, सयाजीगंज, खालच्या मजल्यांवर पाणी, दिवस दिवस लाइट नाही, दूध नाही. नंदुरबारहून आईचा फोन की अगं टीव्हीवर बघितलं, तुमच्याकडे घराच्या पत्र्यावर मगर बसलीये. मराठी चॅनल्सवर बडोद्याचा पूर म्हणजे ती मगर. इथे एवढा मराठी समाज, सयाजीराव महाराजांचं नाव भाषणात घेताना ज्यांना भरून येतं, 2018 ला साहित्य संमेलन इथे झालं तेव्हा कॅमेरे घेऊन जे आले होते, त्यांच्यापैकी एकाला वाटलं नाही की दांडिया बाजारातल्या एखाद्या घरी फोन लावावा. मगर मात्र दिवसभर लूपमध्ये.

म्हणाल मग गुजराती चॅनल्स बघा. बघतोच की. पण त्यांचे स्टुडिओ बहुतेक अमदावादला आणि त्यांचं हिंदमाता म्हणजे तिथले अंडरपास. अमदावादचा हाटकेश्वर ब्रिज 2022 मध्ये बंद केला, निकृष्ट बांधकाम म्हणून, त्यावर इतक्या चर्चा झाल्या की मला त्या ब्रिजचे पिलर पाठ झाले, आणि झाल्या ते चांगलंच झालं. पण आमच्या बडोद्याजवळच्या पादरा तालुक्यातला गंभीरा पूल, रोज ट्रक आणि पिकअप जाणारा, लोक तक्रारी करत होते, त्याच्यावर एखादी डिबेट मी बघितल्याचं मला आठवत नाही. 9 जुलै 2025 ला तो महीसागर नदीत कोसळला, वीसेक माणसं गेली, मग आल्या सगळ्या गाड्या. बडोदं म्हणजे काही खेडं नाही हो, तरी ही गत, मग छोटा उदेपूरवाल्यांनी काय करायचं.

आता काय बघावं ते सांगते. डीडी सह्याद्री चॅनलच्या संध्याकाळी सातच्या बातम्या. हसू नका. 1972 पासूनचं मुंबई दूरदर्शन ते, सेट जुनाट, म्युझिक झोप आणणारं, सरकारी उद्घाटनं जरा जास्तच, मंत्र्याने फीत कापली की ती बातमी येणारच. पण अर्ध्या तासात कोणी ओरडत नाही आणि गडचिरोली, हिंगोली, धुळे ही नावं पूर्ण वाक्यात येतात, बातमी संपेपर्यंत. दुसरं म्हणजे आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या, छत्रपती संभाजीनगर, पुणे, नागपूर, न्यूज ऑन एअर ॲपवर फुकट लागतात, पोळ्या करता करता ऐकते मी. पॅकमधल्या खासगी चॅनल्सचं टीव्हीवर बघण्यापेक्षा त्यांचं यूट्यूब बघा, जिल्ह्यातल्या रिपोर्टरने पाठवलेला अख्खा रिपोर्ट कधीकधी तिथे पडलेला असतो, टीव्हीवर त्याचे आठ सेकंद झालेले असतात. बाजारभाव आणि मिरचीसाठी मात्र भावाचा व्हॉट्सॲप ग्रुपच.

राजकारणाची आवड असेल, मुंबई-पुण्यात मुलगा-मुलगी असतील, रोज पाऊस आणि लोकलची काळजी लागत असेल तर पॅक घ्या, पैसे वसूल. बाकी महाराष्ट्रातून आलेल्यांनी, खानदेश, मराठवाडा, विदर्भ, घाई करू नका. माझ्याकडून पाचपैकी दोन स्टार, त्यातला एक पिक्चर क्वालिटीचा आणि एक त्या मणिबेलीला बोटीतून गेलेल्या पोराचा. अण्णांचे पाच, पण ते स्वतःच डिबेटमध्ये असतात.

मी न्यूज चॅनल्सपैकी दोनच ठेवलीत, बाकी काढली. काढायची असतील तर महिना संपायच्या आधी सांगा, पहिली तारीख उलटली की केबलवाला म्हणतो "बेन, सिस्टममांथीज कपाई जाय", म्हणजे सिस्टममधूनच कापले जातात, आणि पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच म्हणून समजा.