आईचा उजवा हात आणि नागपूरच्या धंतोलीतलं हे फिजिओ सेंटर, तीन महिन्यांचा अनुभव

आईला जानेवारीत संक्रांतीच्या दोन दिवस आधी लकवा मारला, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली म्हणून उजवं अंग गेलं. पाय महिन्याभरात चालता झाला, बोलणंही बरंचसं परत आलं, पण हात तसाच. आधी घराजवळ एका ठिकाणी नेत होतो, तिथे वीस मिनिटं मशीन लावायचे, मग पुली ओढा, स्पंजचा बॉल दाबा, झालं. बॉल आई दाबायला लागली, पण समोरचा पाण्याचा ग्लास घ्यायला गेली की हात भलतीकडेच. ती म्हणायची, "माहा हात माहं ऐकूनच नाही राहिला." आम्हाला वाटायचं ताकद कमी आहे.

इथे पहिल्या दिवशी फिजिओ मॅडमनी बॉल-बिल काही दिला नाही, टेबलावर स्टीलचा ग्लास ठेवला आणि म्हणाल्या काकू घ्या बरं. त्याआधी दीड महिना मी आईजवळ बसून होते आणि मला जे दिसलं नव्हतं ते त्यांनी दाखवलं. हात उचलला की खांदा कानाकडे चढतो, कोपर आपोआप आत वळतं, ते सरळ होत नाही म्हणून आई कमरेतून अख्खी पुढे वाकते, आणि हात एका दमात जातच नाही, जातो थांबतो परत जातो आणि शेवटी ग्लासाच्या बाजूला आपटतो. मग सांगितलं की खांदा आणि कोपर वेगवेगळं हलवण्याचा मेंदूचा निरोपच नीट पोचत नाही, म्हणून दोन्ही बांधल्यासारखे एकत्र हलतात. आपला हात ग्लासाकडे झपकन जातो आणि जवळ आल्यावर हळू होतो, तो सगळा रस्ता मेंदू आधीच ठरवून ठेवतो, आईचं हे ठरवणंच बिघडलंय. आणि चांगल्या वाटणाऱ्या डाव्या हाताचीही टेस्ट घेतली, त्यातही थोडा फरक निघाला! हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

मग माझीच ओढणी मागितली आणि आईची छाती खुर्चीच्या पाठीला बांधली. मला कसंतरीच झालं बघून. पण वाकायचं बंद झाल्यावर कोपराला सरळ व्हावंच लागलं, अर्धी वीत का होईना. रोज हेच, ग्लास जवळ, मग लांब, मग डावीकडे, मग खांद्याच्या उंचीवर, एका सेशनला शंभरच्या वर वेळा. आई रांगोळी छान काढायची हे कळल्यावर फळ्यावर खडूने ठिपके द्यायला लावले, आधी मोठे गोल आणि त्यात ठिपका, मग गोल लहान लहान करत नेले. गोल लहान झाला की हात हळू होतो, ते सगळ्यांचंच होतं म्हणे, पण आईचा फारच होतो, घाई केली की ठिपका बाहेर.

आता आकडे, कारण मी पण असे रिव्ह्यू वाचताना तेच शोधत होते. हाताची एक 66 मार्कांची टेस्ट असते, त्यात 29 होते ते आता 43. एका मिनिटात ठोकळे एका खोक्यातून दुसऱ्यात टाकायचे, 4 वरून 17. बोटं अजून नीट उघडत नाहीत आणि आई थकली की परत पुढे वाकते, ते मॅडम स्वतःच सांगतात, खोटी आशा दाखवत नाहीत, मला हे सगळ्यात जास्त आवडलं.

फी 600 रुपये सेशनची, 50 मिनिटं पूर्ण देतात. तक्रार एकच पण मोठी, दुसरा माळा आणि लिफ्ट दोनदा बंद होती, लकव्याच्या पेशंटला पायऱ्या चढवायच्या म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, तेही मे महिन्यात. फोनवर आधी विचारूनच निघा. पार्किंग नाहीच, मी ऑटोनेच नेते, सकाळी नऊची वेळ घेतली तर रस्ता मोकळा मिळतो आणि ऊनही लागत नाही.

एक अजून, घरचं माणूस सोबत असू द्या, ओढणी कशी बांधायची, ग्लास किती लांब ठेवायचा हे ते आपल्याला शिकवतात आणि घरी दिवसातून दोनदा करायला सांगतात. गेल्या रविवारी आईने अंगणात बसून सात ठिपके दिले, चार एका ओळीत आले, तीन सरकले, तिने ते तीन पुसले आणि परत दिले.