एलएलएमच्या डिझर्टेशनला पेटंट घ्यावं की जीआय?

बौद्धिक संपदा कायद्यातच डिझर्टेशन करायचं ठरलं, की बहुतेकांची गाडी पेटंट आणि जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागाशी जोडलेल्या वस्तूच्या नावाचं संरक्षण) या दोन विषयांपाशी येऊन अडते. 'मार्क कशात पडतात?' हा प्रश्न बाजूला ठेवा. एका सेमिस्टरमध्ये तुमच्या हाती कोणतं साहित्य लागणार आहे, ते आधी बघा.

पेटंटमध्ये वाचायला तोटा नाही. अडचण उलटीच आहे. ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाचा नोव्हार्टिस निकाल (२०१३) आणि त्यातलं कलम ३(डी) (माहीत असलेल्या औषधाच्या नव्या रूपाला, परिणामकारकता वाढल्याशिवाय, पेटंट नाही) यांवर इतकं लिहून झालंय, की तुमचं पहिलं प्रकरण आधीच कुणीतरी लिहिलेलं असतं. सक्तीच्या परवान्याचंही, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला दिलेल्या परवानगीचंही, तेच. बायर कंपनीचं पेटंट असलेलं औषध नॅटको या भारतीय कंपनीने महिन्याला ८,८८० रुपयांत द्यायचं, हा २०१२चा आदेश प्रत्येक वर्गात शिकवतात. शिवाय बीफार्म किंवा बीएस्सी करून लॉला आलेल्यांना जे सहज वाचता येतं, त्यासाठी बीए झालेल्याला दुप्पट वेळ लागतो. तरीही पेटंटच घ्यायचं असेल, तर निकालांपेक्षा फाइली वाचा. पेटंट ऑफिसच्या साइटवर परीक्षण अहवाल, त्याला अर्जदाराने दिलेलं उत्तर आणि शेवटचा आदेश फुकट मिळतो. ३(डी)चा आक्षेप आलेल्या चार-पाच फाइली शेजारी शेजारी ठेवल्या, तरी स्वतःचं म्हणावं असं काहीतरी नक्की सापडतं.

जीआयचा कायदा १९९९चा, लागू झाला २००३मध्ये. निकाल मोजकेच. 'दार्जिलिंग लाउंज' या नावावरून टी बोर्डाने आयटीसीवर केलेला दावा सगळ्यांच्याच फुटनोटमध्ये असतो. केस लॉ नाही म्हणून मुलं घाबरतात. मला मात्र तीच या विषयाची जमेची बाजू वाटते. कोल्हापुरी चपलेचंच घ्या. २०१९मध्ये तिला जीआय मिळाला, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. नोंदणी मात्र दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. २०२५मध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडच्या कोल्हापुरीसारख्या सँडलवरून गदारोळ झाला, जनहित याचिका मुंबई हायकोर्टात गेली आणि फेटाळली गेली. ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याने दाद मागावी, असा कोर्टाचा सूर होता. मग चप्पल शिवणाऱ्याचं काय? त्याला कलम १७खाली 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती किती जणांनी केली, का केली नाही, केलेल्यांना भाव वाढवून मिळाला का, हे लायब्ररीत बसून कळणार नाही. कोल्हापुरात जाऊन विचारावं लागेल.

म्हणून गाइडशी आधी बोला. 'नुसतं डॉक्ट्रिनल (कायदे-निकाल वाचून केलेलं) करा, फील्डवर्क नको' असं म्हणणारे गाइड असतील, तर जीआयचा प्रबंध ऐंशी पानं भरता भरता दम काढेल. तिथे पेटंट बरं. गाइड प्रश्नावलीला तयार असतील आणि तुमची सायन्सची पार्श्वभूमी नसेल, तर मी डोळे झाकून जीआय सुचवेन. मराठी येत असलं की मुलाखतींना दुभाष्या लागत नाही, हा फायदा दिल्ली-बेंगळुरूच्या विद्यार्थ्याला नाही.

डेटाबेसच्या वर्गणीची चिंता दोन्हीकडे नको. कॉलेजकडे एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र असेल तर उत्तम, नाहीतर इंडियन कानूनवर काम भागतं. फक्त जुने लेख वाचताना सांभाळा. अपील 'आयपीएबी'कडे (बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे) जातं असं त्यांत असेल, तर ते मंडळ २०२१मध्येच बरखास्त झालंय, आता हायकोर्ट. व्हायवामध्ये हे हमखास विचारतात.