बटणाचं इंडक्शन घ्या, टचचं नको : न बघता स्वयंपाक करणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

मला अजिबात दिसत नाही. पुण्यात भाड्याच्या वन आरकेत एकटी राहते, बँकेत नोकरी, स्वयंपाक रोजचा रोज माझा मीच. इंडक्शन घ्यायच्या आधी ढीगभर रिव्ह्यू ऐकले, सगळे काचेची फिनिश आणि डिस्प्ले यावरच, बटणं हाताला लागतात का हे कोणीच लिहीत नाही आणि मला तर तेवढंच हवं होतं.

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात गेले, सोबत मैत्रीण होती. दुकानदार किंमत, वॉरंटी सगळं तिलाच सांगतोय, वर "यांना जमेल का?" हेही तिलाच. म्हटलं दादा, पैसे मी देणारे, माझ्याशी बोला. मग मात्र त्याने बॉक्स फोडून एकेक पीस हातात दिला, ते मानलं पाहिजे. नवीन मॉडेल बहुतेक टचची, नुसती गुळगुळीत काच, बटण शोधायला बोट फिरवावं तर शोधता शोधताच काहीतरी चालू होतं, म्हणजे आमच्यासाठी बादच. शेवटी खालच्या रॅकमधलं धूळ खात पडलेलं बटणाचं निघालं, दोन हजारांच्या आत, आणि मजा म्हणजे टचवाल्यांपेक्षा स्वस्त!

बटणं पातळ प्लॅस्टिकच्या खाली आहेत, दाबलं की टिक कळतं पण कडा लागत नाहीत. म्हणून बी माय आइज अ‍ॅपवर (यात डोळस स्वयंसेवक कॅमेऱ्यातून बघून सांगतात) व्हिडिओ कॉल लावला, पलीकडच्या ताईंनी कुठलं बटण कुठे ते सांगितलं आणि मी ऑन-ऑफ, प्लस, मायनस या तिघांवर एम-सीलचे बारीक ठिपके चिकटवले. बाकी डोसा, इडली, करी वगैरे बटणांना मी हात लावत नाही. डिस्प्लेवर आकडा काय आहे याच्याशीही मला देणंघेणं नाही, मायनस दाबत दाबत पार तळाला न्यायचं आणि तिथून बीप मोजत वर यायचं. खिचडीला किती, दुधाला किती, हे आता बोटांना पाठ आहे.

आवडलेलं : गॅसवर खिडकीच्या वाऱ्याने फ्लेम गेली की वास येईपर्यंत कळत नाही, ती धास्ती गेली. ओढणीचं टेन्शन नाही. भांडं उचललं की बीप मारून थोड्या वेळात आपलं आपण बंद होतं.

न आवडलेलं : इंडक्शनच्या आतल्या पंख्याचा आवाज! फोडणी मी कानाने करते, मोहरी तडतडली की जिरं, आणि हा पंखा नेमका मोहरीच्या आवाजावर घूं करत बसतो. त्यात तेल तापतं गॅसच्या मानाने फारच पटकन, म्हणून फोडणी कायम कमीवर. कमीवर ठेवलं की सलग तापत नाही, थांबून थांबून तापतं, घरघर बंद-चालू होते त्यावरून समजतं. दूध तसंच उकळतं, एकदम वर येतं आणि खाली बसतं, तेव्हा भांडं मोठंच घ्या.

काच स्वतः तापत नाही असं दुकानात सांगतात ते अर्धंच खरं, भांड्याच्या उष्णतेने ती चांगलीच चटका देण्याइतकी तापते आणि गरम आहे हे सांगणारा आवाज काही नाही, असलाच तर दिवा, त्याचा मला काय उपयोग? मी बाजूच्या प्लॅस्टिकच्या कडेवरूनच हात नेते आणि पंखा थांबल्यावरही जरा वेळ काढूनच पुसायला घेते. एक बीप जास्त टाकायला कंपनीला कितीसा खर्च येणार होता? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 43 मध्ये, सगळ्यांना वापरता येतील अशा वस्तूंना सरकारने प्रोत्साहन द्यावं असं म्हटलंय, इकडे बाजार निघालाय नेमका उलट्या दिशेने, टचकडे.

हिंदालियमची कढई यावर चालत नाही, बुडाला लोहचुंबक चिकटलं तरच भांडं चालतं, घरी आधी तपासा. 2000 वॉटचं असेल तर मोठा 16 अँपिअरचा सॉकेट लागतो, भाड्याच्या घरात ओट्याजवळ तो आहे का बघून घ्या, एक्स्टेंशन लावत बसू नका.

भाकरी आणि फुलके मात्र अजून गॅसवरच, त्यामुळे सिलिंडर काही सुटला नाही. ऑनलाइन मागवणार असाल तर फोटोवर जाऊ नका, फोटोत टच आणि बटण सारखंच दिसतं असं डोळस लोकही म्हणतात, डिस्क्रिप्शनमध्ये 'पुश बटण' लिहिलेलं पाहिजे. मी पाचात चार स्टार देते, एक पंख्याचा कापला.