पोटाला पेग ट्यूब, अंगात बाराबंदी

सोसायटीच्या फॅन्सी ड्रेस पार्टीसाठी आमच्या पेठेतल्या ड्रेपरीवाल्या काकांकडून मावळ्याचा पोशाख भाड्याने घेतला. पोटाला पेग ट्यूब (पोटाच्या त्वचेतून थेट जठरात पातळ अन्न सोडायची नळी) आहे म्हटल्यावर त्यांनी काढलेला झब्बा परत ठेवला आणि बाराबंदी पुढे केली. माणूस हुशार! डोक्यातून घालायची भानगड नाही. खालचे बंद सोडले की ट्यूब हाताशी. पार्टीतच खुर्चीत ताठ बसून सिरिंजने फीड घेतलं, ३० मिली पाणी सोडलं, बंद बांधले, की पुन्हा ढाल-तलवार. (बाकीचे पावभाजीत गुंग.) शेला कमरेला आवळू नका, ट्यूबवर दाब येतो, खांद्यावर टाका. मिशीचा गोंद मात्र अगदीच भिकार, फोटोआधीच निम्मी मिशी लोंबायला लागली. पुढच्या वेळी वासुदेव, तोही इथूनच. मिशी घरची.