लातूर एमआयडीसीतलं डिझेल पंप-नोझल दुरुस्तीचं दुकान: काम एक नंबर, पण टाइम लई लावतेत

माझा ट्रॅक्टर दोन महिन्यापासून नुसता काळा धूर मारूलालता, चूक माझीच, कुणीतरी सांगितलं की सर्व्हिसिंगचं जळकं ऑइल फडक्यानं गाळून डिझेलमदी मिसळ, पैसे वाचतेत, आन मी मिसळलं बी. इथल्या मिस्त्रीनं तिन्ही नोझल (इंजिनात डिझेलचा फवारा मारतेत ते) काढून मशीनवर माझ्यासमोर दाबून दाखवले, दोन तर फवारा मारायच्या ऐवजी नळासारखे टपटप गळूलालते. म्हणले, जळकं ऑइल जाड, त्याचा बारीक फवारा होत नाही म्हणून अर्धवट जळतंय आन काजळी होती, वरून त्यातला लोखंडाचा बारीक चुरा फडक्यातून सरळ पार होऊन पंप खातो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळूलालंय, आन इंजिन गरम झाल्यावर बी पांढरा निघत असंल तर टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) नाहीतर कॉम्प्रेशन (इंजिनातला हवेचा दाब) बघा, असं बी सांगितलं. एअर क्लीनर फुकट साफ करून दिला (अर्धं रान निघालं त्यातून!). सांगितलं दोन दिवस, लागले पाच, फोन उचलत नाहीत, ऐन पेरणीत. एक स्टार त्याचाच कापला.