मिशनची शाळा की जिल्हा परिषदेची? पहिलीत नाव घालण्याआधी

जूनमध्ये लेकराला पहिलीत घालायचंय. गावात जिल्हा परिषदेची शाळा, चार-पाच किलोमीटरवर फादर-सिस्टरांची मिशनची शाळा. इंग्रजी कुठली चांगली, यावर पारावर रोज चर्चा झडते. मी मात्र दोन्हीकडं एकच गोष्ट बघतो: या शाळेत कुणाचं लेकरू मागं राहतं?

मिशनच्या शाळेबद्दल पहिली शंका धर्माची निघते. ती मनात ठेवू नका, सरळ विचारा. भिंतीवर क्रूस असणार, प्रार्थनेत येशूचं नाव येणार. शाळा कॅथलिक आहे आणि ती ते लपवत नाही. पण सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, हे संविधानाच्या कलम २८(३) मध्ये स्पष्ट आहे. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास चालू असताना बाकीची मुलं काय करतात, एवढं विचारून घ्या.

माझ्या लेखी मोठा प्रश्न फीचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६५ सालच्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात सांगितलं, की कॅथलिक शाळांनी गरिबांची, घरच्या मायेला पारख्या झालेल्यांची आणि ख्रिस्ती नसलेल्यांचीही विशेष काळजी घ्यावी. आपल्याकडं ते कितपत पाळलं जातं, हे फी भरताना कळतं. शिक्षण हक्क कायद्याचे (आरटीई) २५ टक्के मोफत प्रवेश मिशनच्या शाळेसारख्या अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं त्यांना त्या कायद्यातून वगळलं. म्हणजे विनाअनुदानित शाळेत सवलत द्यायची की नाही, ते संस्थेच्या हातात. शाळा अनुदानित असेल तर भार हलका होतो, पोषण आहारही मिळतो.

जिल्हा परिषदेची शाळा दारात कुणाला अडवत नाही. पुस्तकं आणि दुपारची खिचडी फुकट. तांड्यावरचं, वस्तीवरचं, मोहल्ल्यातलं लेकरू एकाच पातेल्यातलं जेवतं, ही लहान गोष्ट नव्हे. पण जेवणाच्या वेळी एकदा जाऊन या. पोरं मिसळून बसतात, की वस्तीप्रमाणं घोळके पडतात? मिशनच्या शाळेतही मधल्या सुट्टीत हेच बघा, आणि ज्यानं डबा आणला नाही त्याच्याकडं कुणाचं लक्ष जातं तेही.

शिकवण्यात मात्र जिल्हा परिषदेची शाळा कुठं कुठं मार खाते. दोन शिक्षक आणि चार वर्ग असले, की एका वर्गाचं गणित चालू असताना दुसरा फळ्यावरचं उतरवत बसतो. चुणचुणीत पोरं तरून जातात, अबोल लेकरू कुणाच्या नजरेत येत नाही. चांगल्या मिशनच्या शाळेची खरी ताकद इथं आहे: चार दिवस पोरगं आलं नाही तर सिस्टर घरी येऊन चौकशी करते. लेकरू बुजरं असेल, फी झेपत असेल आणि अशी सिस्टर असेल, तर मी मिशनचीच शाळा सुचवेन.

घर ऊसतोडीचं असेल तर मात्र जिल्हा परिषदेची. दिवाळीनंतर आई-बाप कारखान्यावर गेले, की आजीजवळ राहिलेल्या लेकरांच्या जेवणाची सोय हंगामी वसतिगृहातून होते. ती गावात चालू आहे का, याची खात्री करा. आणि शाळा कुठलीही असो, जानेवारी महिन्यात किती पोरं हजर होती, ते गुरुजींना किंवा सिस्टरांना हजेरीपट उघडून दाखवायला सांगा.